अफवेचा धनी कोण?

(पालघर येथे शिक्षक व कार्यकर्ते यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



अमेरिकेतील हायस्कुलांत इंग्रजीच्या तासाला आर्थर मिलरचे ‘द क्रूसिबल’ हे नाटक गेली कित्येक दशके शिकविले जात आहे. १९५३ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात १६९२ सालच्या सेलम गावाची कथा आहे. काही मुलींना झटके येऊ लागले, त्यांनी काही बायकांची नावे घेतली, आणि पाहता पाहता दीडशेहून अधिक माणसांवर चेटकाचा आरोप आला. १९ जण फासावर गेले. मिलरने नाटक लिहिले तेव्हा अमेरिकेत चेटकिणींच्या जागी कम्युनिस्टांचा शोध चालू होता. १९५६ साली खुद्द मिलरलाच संसदीय समितीपुढे बोलावून सोबत्यांची नावे विचारण्यात आली. त्याने ती सांगितली नाहीत.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कामगाराच्या मुलाला या सेलमशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. इंग्रजी ही येथे पोटाची भाषा आहे. नोकरीचा अर्ज बिनचूक लिहिता आला, यंत्रावरील सूचना वाचता आल्या, की इंग्रजीचे काम झाले असे पालक मानतात. ज्याला दरमहा भाडे भरावयाचे आहे त्याने असे मानले, तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु या प्रश्नाचे उत्तर बाहेरून आणण्याची गरज नाही. ते याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे.

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. तो बंद कशासाठी, असा प्रश्न पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर विचारला. दुसरीने त्या मजकुराला पसंती दर्शविली. दोघींनाही अटक झाली, आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. ज्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमाचा तेव्हा वापर झाला, ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. पण त्या रात्री पालघरच्या किती घरांत आईबापांनी मुलांना ‘तू काही लिहू नकोस’ असे बजावले असेल! कलम रद्द होते. घरात शिरलेली भीती कोणत्याही निकालाने रद्द होत नाही.

१६ एप्रिल २०२०. टाळेबंदीचा काळ. डहाणू तालुक्यात मुले पळविणाऱ्या व चोरांच्या टोळ्या हिंडत असल्याची आवई उठली होती आणि गावोगाव रात्रीचे पहारे बसले होते. कांदिवलीहून गुजरातकडे अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू व त्यांचा गाडीचालक गडचिंचले येथे जमावाच्या हाती सापडले. पोलिसांच्या डोळ्यांदेखत तिघांचीही हत्या झाली. त्या अफवेचा बळी पडतो न पडतो तोच दुसरी अफवा जन्मास आली, आणि हत्येला धार्मिक रंग देण्यात आला. अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही, हे राज्याच्या गृहमंत्र्यांना जाहीर करावे लागले.

या दोन घटना एकाच मापाने मोजणे चुकीचे ठरेल. पहिलीत सत्तेची जरब होती. दुसरीत मजुरी तुटलेल्या, बाहेरच्या जगाकडून फसवणुकीखेरीज फारसे काही न मिळालेल्या माणसांची भीती होती. भीतीने हत्येचे समर्थन होत नाही. मेलेले तिघे निरपराध होते. परंतु शहरी वाचक जेव्हा ‘रानटी आदिवासी’ म्हणून हात झटकतो, तेव्हा तोही एक अफवाच पसरवीत असतो. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यास १ जुलै २०१८ रोजी भिक्षेकरी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठेचून मारणारा जमाव, आणि हातातील मोबाईलवर पडताळा न करता मजकूर पुढे धाडणारा पदवीधर, यांच्यात अंतर आहे. पण पदवीधर समजतो तितके ते नाही. तारापूरला अणुवीज केंद्र १९६९ सालीच सुरू झाले. विज्ञान दाराशी आले म्हणून विवेक घरात येतोच असे नाही.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी अशा वेळी एक साधा प्रश्न विचारतो: लाभ कोणाचा? मिलरच्या नाटकातही शेजाऱ्याच्या जमिनीवर डोळा ठेवणारा पटनम आहे. आरोपी फासावर गेला की जमीन विक्रीस निघते. आपल्याकडे वारली पाड्यांत एखादी बाई ‘भुताळी’ ठरते, तेव्हा भगताच्या दाण्यांइकतेच तिच्या नावावरील शेताकडेही पाहिले पाहिजे. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे रक्त सांडल्यानंतर. परंतु कायदा गुन्ह्यानंतर पोहोचतो. शिक्षक आधी पोहोचू शकतो.

या भूमीवरचा सर्वांत बोलका दाखला ऑक्टोबर १९४५ चा आहे. वेठबिगारीविरुद्ध वारली उठले होते. गोदूताईंच्या जिवाला धोका आहे, अशी आवई जमीनदारांच्या माणसांनी उठविली आणि हजारो आदिवासी तलवाड्यास धावले. तिकडे ‘सशस्त्र जमाव चालून येत आहे’ असे सरकारला कळविण्यात आले. गोळीबार झाला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० सालच्या ग्रंथात हा काळ नोंदलेला आहे. एकाच अफवेची दोन टोके दोन ठिकाणी पोहोचविणारा हात कोणाचा होता, हे ज्याला कळले त्याला उन्मादाचे राजकारण कळले.

म्हणून सेलम आणि तलवाडा एकाच तासाला शिकविले पाहिजेत. जोडीला तेंडुलकरांचे १९६७ सालचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घ्यावे. त्यात जंगलचा जमाव नाही, हौशी नाटकमंडळींतील सुशिक्षित माणसे आहेत. खेळ म्हणून मांडलेल्या खटल्यात ती एका शिक्षिकेला खरोखर सोलून काढतात.

काही कार्यकर्ते म्हणतील, आधी वनहक्काचा दाखला, किमान वेतन, पिण्याचे पाणी, नाटके मागाहून. क्रम बरोबर आहे, पण तो सुटा नाही. ज्या वस्तीत परप्रांतीय मजूर आणि भूमिपुत्र एकमेकांविषयीच्या अफवांवर जगतात, त्या वस्तीत कामगारांची संघटना उभी राहत नाही. मालकाला टाळेबंदी जाहीर करावी लागत नाही. एक आवई पुरते.

तेव्हा आश्रमशाळेत, रात्रशाळेत, पाड्यावरच्या वाचनवर्गात या कलाकृती वाचल्या जाव्यात, आणि प्रत्येक वाचनानंतर मुलांना तीन प्रश्न विचारले जावेत. हे प्रथम कोणी सांगितले? प्रत्यक्ष कोणी पाहिले? यात लाभ कोणाचा? चौथा प्रश्न ज्याने त्याने स्वतःलाच विचारावयाचा आहे: त्या रात्री मी त्या गर्दीत असतो, तर कोठे उभा राहिलो असतो? परीक्षेत या प्रश्नाला गुण नाहीत. पण गावच्या वेशीवर अनोळखी गाडी थांबेल त्या रात्री, गर्दीतून एक जरी मुलगा पुढे होऊन ‘थांबा, आधी विचारू या’ असे म्हणाला, तर इंग्रजीचा तास वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.