दाट आणि पातळ

म्हैसूरच्या घरोघरी तुरीच्या डाळीपासून दोन पदार्थ होतात. पाण्यासारखे वाहते ते सारू आणि भातावर ठरते ती हुळी. महाराष्ट्रातील सार आणि आमटी ही त्यांची जवळची भावंडे. या जोडीतील मुख्य फरक पाण्याचा; आणि झाकण घालून मंद आचेवर शिजवताना हे पाणीच हटकून फसवते.

उघड्या पातेल्यातील वाफ निघून जाते आणि रस आपोआप आटतो. झाकलेल्या भांड्यात तीच वाफ झाकणाला लागून निवते व थेंबाथेंबाने परत खाली येते. शिवाय दुधी, पडवळ, टोमॅटो स्वतःचे पाणी सोडतात. नेहमीच्या अंदाजाने पाणी घातले, तर तीन-चार तासांनी हाती येते ते पांचट कालवण. विजेवर चालणाऱ्या मंद आचेच्या भांड्यातही हेच घडते. म्हणून पाणी सुरुवातीलाच बेताने घालावे. वरचे पाणी ओतून देणे सर्वांत वाईट. त्याबरोबर विरघळलेली ब जीवनसत्त्वे व क्षार मोरीत जातात. त्यापेक्षा शेवटी झाकण काढून रस आटवावा.

चिंच डाळ मऊ झाल्यावरच घालावी. आंबटामुळे डाळ लवकर शिजत नाही, आणि न मोडलेली डाळ रसाला दाटपणा देत नाही. मज्जिगे हुळीत, म्हणजे ताकाच्या हुळीत, भिजवलेली हरभऱ्याची डाळ ओल्या नारळाबरोबर वाटून लावतात, ती याचसाठी. तांदळाची पिठी लावायची तर आधी गार पाण्यात कालवावी. पिष्टाचे कण ६०-७० अंश सेल्सियसच्या पुढे पाणी पिऊन फुगतात. कोरडी पिठी उकळत्या रसात पडली, तर बाहेरचा थर आधी फुगतो आणि आत गुठळ्या राहतात.

परंतु दाटपणा म्हणजे पोषण नव्हे. महागाईत डाळ कमी करून पिठी वाढवली, तरी आमटी डोळ्यांना तशीच दिसते. मुलांच्या ताटातील प्रथिने मात्र घटतात. म्हैसूरच्या चेलुवांबा वाड्यात १९५० साली सुरू झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने याच उणिवेवर बहुउद्देशीय अन्न तयार केले होते. त्यात तेल काढलेल्या शेंगदाण्याच्या पिठाचे तीन भाग, भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाचा एक भाग, आणि जोडीला जीवनसत्त्वे व चुना-क्षार असत. रोजच्या पदार्थांत ते मिसळावे, अशी योजना होती. आमटीला अंग येई आणि खाणाऱ्यालाही.

कालवण दाट झाले की नाही, हे पळी सांगते. ते कशाने दाट झाले, हे मात्र करणाऱ्या हातालाच ठाऊक असते.