गाण्याला नॉमिनी नसतो
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



मला ‘थोर गायक आणि त्यांचा वारसा’ असा विषय दिलाय. मी गाणारा नव्हे, नुसता ऐकणारा. त्यात जन्म बँकेत गेला. वारसा म्हटलं की मला आधी नॉमिनेशनचा फॉर्म दिसतो. खातेदार गेला की रक्कम नॉमिनीच्या हाती देतात, पण नॉमिनी मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने ती सांभाळतो. काउंटरवर हे समजावताना आमच्या नाकी नऊ येत. गाण्यात हा फॉर्मच नाही.

‘कट्यार काळजात घुसली’ तुम्ही बहुतेकांनी पाहिलंय, निदान २०१५चा सिनेमा तरी. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक १९६७ सालचं. त्यातला प्रश्न हाच, की गायकी कोणाची? घराण्याची, की चोरून ऐकून शिकणाऱ्या सदाशिवची? खाँसाहेब झाले होते वसंतराव देशपांडे. हा माणूस पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये कित्येक वर्षं नोकरी करत होता, तुमच्या-आमच्यासारखीच. १९८३ मध्ये ते गेले तेव्हा नातू राहुल चार वर्षांचाही नव्हता. आजोबांकडून तालीम मिळणं शक्यच नव्हतं. तो दुसऱ्या गुरूंकडे शिकला, आजोबांच्या ध्वनिमुद्रिका ऐकत राहिला आणि २०१० मध्ये त्याने ‘कट्यार’ पुन्हा रंगमंचावर आणली. आडनाव आयतं मिळालं, गाणं मिळवावं लागलं.

याच नाटकाचे संगीतकार पंडित जितेंद्र अभिषेकी, गोव्यातल्या मंगेशीचे. ते एका गुरूवर थांबले नाहीत. गिरिजाबाई केळेकर, जगन्नाथबुवा पुरोहित, अझमत हुसेन खाँ, जिथे मिळेल तिथून घेतलं. आणि पुढे शिष्यांना घरी ठेवून घेऊन तेवढ्याच मोकळेपणाने दिलं. प्रभाकर कारेकर, राजा काळे, अजित कडकडे, देवकी पंडित, चिरंजीव शौनक. प्रत्येकाचा गळा निराळा! माझ्या मते अभिषेकींचं मोठेपण त्यांच्या नाट्यपदांपेक्षा इथे आहे. काहींना हे पटणार नाही, चहाच्या वेळी भांडू.

शाहीर साबळे वाईजवळच्या पसरणीचे. ‘महाराष्ट्राची लोकधारा’ घेऊन त्यांनी खेड्यातली गाणी शहरातल्या थिएटरात नेली. त्यांनी गायलेलं ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ २०२३ मध्ये राज्यगीत झालं, नेमकं त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी.

आता आपल्या तालुक्याचं बोलतो. शिमग्यातलं नमन घ्या, गणपतीतली जाखडी घ्या. इथे ना ध्वनिमुद्रिका, ना कुणाचं नाव छापलेलं. मृदंगावर बसलेला म्हातारा शेजारी पोराला बसवून घेतो, तेवढीच शाळा. तो पोरगा पोटासाठी मुंबईला गेला आणि सणाला रजा मिळाली नाही, की मृदंग खुंटीवर. एका पिढीचा खंड पडला तर पुढच्याने ऐकायचं तरी काय?

म्हणून कमिटीपुढे एक विषय ठेवतो. आपल्या हॉलमध्ये मुलं संध्याकाळी तबला-पेटीचा रियाज करतात, त्याबद्दल तक्रार आली आहे. आजारी माणसाला त्रास होतो हे खरं, ते मी नाकारत नाही. (मालिकांचा आवाज मात्र कुणाला टोचत नाही!) तेव्हा पाच ते सात एवढीच वेळ ठेवा, खिडक्या लावून घ्या, दहावी-बारावीच्या परीक्षेत बंद ठेवा. पण हॉल काढून घेऊ नका. माझ्या घरी एक जुनी पेटी पडून आहे. भाता फाटलाय, तो दुरुस्त करून पुढच्या महिन्यात हॉलमध्ये आणून ठेवतो.