वेडेपणांतील शहाणपण



विनोदी चित्रपट पाहून आल्यावर 'दोन घटका करमणूक झाली' एवढ्यावर आपण त्याची बोळवण करतों. हॉलिवुडमध्यें १९३४ पासून सुमारें आठ वर्षें जे 'स्क्रूबॉल' विनोदपट निघाले, त्यांची मात्र अशी बोळवण करणें योग्य होणार नाहीं. हें नांव बेसबॉलच्या खेळांतून आलें. नेहमींच्या वळणाच्या उलट दिशेला वळणाऱ्या चेंडूला तेथें स्क्रूबॉल म्हणतात. विक्षिप्त मनुष्यालाही तोच शब्द लावतात. या चित्रपटांतील माणसें अशींच ऐन वेळीं उलट वळतात.

काळ मोठा कठीण होता. १९३३ सालीं अमेरिकेंत काम करूं इच्छिणाऱ्या दर चार माणसांत सुमारें एक बेकार होता. अशा वेळीं श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतील धांगडधिंगा पाहून प्रेक्षकांनीं हंसावें, ही हृदयशून्यता नव्हे काय?

उत्तरासाठीं प्रथम फ्रँक काप्रा यांचा १९३४ चा 'इट हॅपन्ड वन नाइट' घेऊं. धनिकाची पळून निघालेली कन्या आणि नोकरी गमावलेला बातमीदार यांची गांठ रात्रीच्या बसगाडींत पडते. स्नानासाठीं रांगेंत उभें राहावें लागतें, हें त्या मुलीला ठाऊकच नसतें. एका खोलींत रात्र काढण्याची वेळ येते, तेव्हां मध्यें दोरीवर कांबळें टाकून भिंत केली जाते. तिच्या दोन बाजूंना दोन वर्ग झोंपले आहेत, हें प्रेक्षकाला न सांगतां कळतें. उत्कृष्ट चित्र, दिग्दर्शक, नट, नटी व पटकथा हीं पांचही ऑस्कर पारितोषिकें या बोलपटाला मिळालीं. आणि त्याच्याच कथानकावरून आपल्याकडे १९५६ सालीं राज कपूर-नर्गिस यांचा 'चोरी चोरी' निघाला.

१९३४ च्या मध्यापासून हॉलिवुडनें आपल्या नीतिनियमांचा अंमल कडक केला. शृंगार उघड दाखविण्याची सोय उरली नाहीं, तेव्हां प्रेम भांडणांतून बोलूं लागलें. त्यांत स्त्रीचा लाभ झाला; कारण भांडणाला प्रतिपक्षी तोडीचा लागतो. हॉवर्ड हॉक्स यांनीं १९४० मध्यें 'हिज गर्ल फ्रायडे' काढला, तेव्हां मूळ नाटकांतील पुरुष बातमीदाराची भूमिका स्त्रीला दिली. रोझलिंड रसेल व केरी ग्रँट एकमेकांचें वाक्य संपूं देत नाहींत, आणि धंद्यांत ती त्याला तसूभरही उणी ठरत नाहीं.

परंतु आपल्या प्रश्नाची खरी कसोटी ग्रेगरी ला काव्हा यांच्या १९३६ च्या 'माय मॅन गॉडफ्रे'मध्यें लागते. धनिकांच्या एका खेळांत कोणाला नको असलेल्या वस्तू शोधून आणण्याची पैज असते. कोणी बकरें ओढीत आणतें. आणि कॅरोल लोम्बार्डनें रंगविलेली तरुणी उकिरड्यावर राहणारा एक बेकार पुरुष आणते. बकऱ्याच्या पंक्तीला माणूस! तेथें हंसूं येतें, आणि येतां येतां घशांत अडकतें. हा विल्यम पॉवेलचा गॉडफ्रे पुढें तिच्या घरीं बटलर होतो. मग कळतें कीं, तो मूळचा कुलीनच. आणि शेवटीं उकिरड्याच्या जागीं विलासगृह उभारून तो तेथल्या बेकारांना काम देतो. दारिद्र्याचा प्रश्न इतक्या स्वस्तांत सुटत नसतो, हा आक्षेप मला मान्य आहे. पण तो शेवट विसरला जातो. ती पंक्ति विसरली जात नाहीं.

म्हणून या विनोदाला हृदयशून्य म्हणवत नाहीं. त्यानें कोणाला भाकरी दिली नाहीं. तें त्याचें कामही नव्हे. ज्यांच्या घरीं भाकरी उतूं जात होती, तेही शहाणे नव्हते, एवढें त्यानें भुकेल्यांना दाखविलें. श्रीमंतीचा दरारा हंसण्यानें जितका उतरतो, तितका संतापानें उतरत नाहीं.