नवी टाकी, पाच गप्पी

आमच्या गटाने रंगीत मासे वाढवून विकायचं ठरवलं आणि पहिल्याच आठवड्यात १२ पैकी ७ गप्पी मेले. पाणी तर आरशासारखं! तिथेच आम्ही फसलो. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो, तो डोळ्यांना दिसत नाही. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू नव्या टाकीत पुरेसे नसतात. ते वाढायला ४ ते ६ आठवडे जातात. तोवर अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही विषच. नायट्रेट थोडं असलं तर चालतं.

उरलेले ५ आम्ही त्याच टाकीत जगवले. हायड्रिला भरपूर लावली, ती अमोनिया शोषते. खाद्य दिवसाआड, चिमूटभर. पाव टाकी पाणीही दिवसाआड बदललं. नळाचं पाणी आदल्या दिवशीच बादलीत उघडं ठेवायचो, क्लोरीन उडून जावं म्हणून. एकीने फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून लख्ख केला, तेव्हा सगळ्या ओरडलो. अगं, जिवाणू तिथेच राहतात! तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा.

पाचही जगले. सहाव्या आठवड्यात एका मादीने पिल्लं दिली. हायड्रिलात लपली ती वाचली, बाकीची मोठ्यांनीच खाल्ली.