दुसरा लेख

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त ३ जानेवारी रोजी गोंदियात झालेल्या मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)



'ताई, चाळीस वर्षे तुम्ही नोकरी न करता लिहिताय. नवं वर्ष सुरू झालंय, तर त्याविषयीच बोला,' असा तुमचा निरोप आला. म्हणून परवा कपाटातून माझ्या वह्या काढल्या. दर १ जानेवारीला मी नवी वही घालते. तिच्यात चार रकाने असतात : कुठे काय पाठवले, छापले की परत आले, पैसे किती ठरले, हाती किती पडले. चौथा रकाना पुष्कळ पानांवर कोरा आहे.

मी १९८४ साली लिहू लागले. तेव्हा गोंदिया हे भंडारा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते; जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. फुलस्केप कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, खाली कार्बन घालून रात्री लिहायचे. सोबत परतीचा तिकीट लावलेला लिफाफा. सकाळी स्टेशनवर जाऊन आरएमएसच्या पेटीत टाकायचे. मग आठ-पंधरा दिवस पोस्टमनची वाट. आपल्याच अक्षरातला लिफाफा त्याच्या हातात दिसला की न उघडताच कळायचे, 'साभार परत'!

संक्रांतीच्या तिळगुळावर लिहिले की छापून यायचे. रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकलेल्या बायकांवर लिहिले की 'आमच्या पुरवणीच्या प्रकृतीला मानवणारे नाही' असे उत्तर यायचे. म्हणून मी दोन्ही लिहीत गेले. तिळगुळाच्या पैशात रोवणीच्या लेखासाठी लागणारे एसटीचे भाडे निघायचे. याची लाज मला बरीच वर्षे वाटत होती, आता वाटत नाही.

घरी मात्र हे काम कधीच नव्हते. 'ती काय, घरीच असते, काहीतरी लिहीत बसते.' पाहुणे आले की लिहिणे बाजूला ठेवायचे. सासूबाईंच्या आजारपणात एक संपूर्ण वर्ष वहीत फक्त दोन नोंदी आहेत. नोकरी करणारीला निदान रजा मागता येते. मी रजा कोणाकडे मागणार होते?

माझ्या घरामागच्या गल्लीत बिड्या वळणाऱ्या बायका होत्या. मांडीवर सूप, शेजारी भिजवलेली तेंदूची पाने, कैची, तंबाखू, दोरा. दर हजारी. ठेकेदाराकडे माल नेला की तो त्यातल्या काही बिड्या 'छाट' म्हणून बाजूला काढायचा. त्यांचे पैसे नाहीत आणि गेलेले पानही परत नाही. माझे आणि त्यांचे काम एकाच जातीचे आहे, हे मला हळूहळू कळले. घरी बसून, नगावर, चूल सांभाळून, आणि छाट ठरवणारा दुसराच! फरक एवढाच की १९६६ च्या बिडी कामगार कायद्याने घरी बिड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले. कायद्यातले सगळे तिच्या हाती पडले नाही, पण भांडायला आधार मिळाला. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा होता तो वृत्तपत्रात नोकरी असणाऱ्यांसाठी. गावोगाव हिंडून फुटकळ लेख पाठवणारी बाई त्यात बसत नव्हती. तिला मिळते ते मानधन. त्यातला मान समारंभात मिळतो, धनासाठी चार पत्रे लिहावी लागतात.

पण एवढेच सांगून थांबले तर मी अर्धेच खरे बोलले असे होईल. त्या गल्लीतल्या बायकांवर मी एक मोठा लेख लिहिला. तो छापून आला आणि पैसेही आले. मी अंक घेऊन गेले, वाचून दाखवला. एक काकू होत्या, लेखातली निम्मी वाक्ये त्यांचीच. हातातली बिडी न थांबवता त्यांनी विचारले, "का जी बाई, याचे तुम्हाले किती भेटले?" मी आकडा सांगितला. "मंग माया बोलन्याचे किती?"

मला उत्तर देता आले नाही. ठेकेदाराच्या जागी मीच उभी होते! पुढल्या वर्षीच्या वहीत मी पाचवा रकाना आखला : ज्यांच्या बोलण्यावर लेख उभा राहिला, त्यांना काय दिले? खरे सांगते, तो रकाना चौथ्यापेक्षाही जास्त कोरा आहे.

आता सावित्रीबाईंच्या दिवशी हे सगळे का सांगते? फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५ साली तो 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. आपण तो अभिमानाने वाचतो. पण तिचा दुसरा लेख आपल्या हाती नाही. आपल्याच विदर्भातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिले. त्यांचे दुसरे पुस्तक नाही, आणि हे पहिले पुस्तकही १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत विस्मरणात गेले होते. पहिला लेख बाई रागाने लिहिते, दुःखाने लिहिते. दुसऱ्या लेखाला वेळ लागतो, कागद लागतो, प्रवासखर्च लागतो, आणि 'तुझा दुसरा लेख कधी देतेस?' असे विचारणारे कोणीतरी लागते.

कोणी म्हणेल, चळवळीचे लिखाण पैशासाठी नसते. खरे आहे. इथून चांदाफोर्टकडे जाणाऱ्या रेल्वेवर वडसा देसाईगंज लागते. मथुरा प्रकरण १९७२ साली तिथेच घडले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना निर्दोष सोडले. त्यावर १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्या पत्राचे मोल पैशात होणार नाही. पण ते चौघेही कायद्याचे अध्यापक होते, हेही ध्यानात ठेवू या. ज्याची चूल दुसऱ्या पगारावर पेटते त्याला फुकट लिहिणे परवडते. सगळेच लिखाण फुकट झाले, तर पगारदार घरातल्या बायकाच लिहीत राहतील आणि बिडीवालीविषयी नेहमी दुसरीच कोणी लिहील.

म्हणून नव्या वर्षात आपल्या संघटनांकडे माझे तीन साधे आग्रह आहेत. आपल्या अंकात लिहिणारीला काहीतरी द्या, रक्कम लहान असली तरी चालेल, पण आधी सांगा आणि वेळेवर द्या. जिच्याकडून मजकूर घेतला तिला विचारून तिचे नाव घाला, तिची मजुरी बुडाली असेल तर ती भरून द्या आणि छापलेला लेख तिला वाचून दाखवा. आणि जिचा पहिला लेख छापला तिला दोन महिन्यांनी पत्र टाका, नाहीतर फोन करा.

त्या काकू आज नाहीत. त्यांची नात बारावीला आहे. गेल्या दिवाळीत तिने आजीवर दोन पाने लिहून मला दाखवली. मी लिहिले होते त्यापेक्षा ती खरी आहेत. यंदाच्या वहीत पहिली नोंद मी माझ्या लेखाची केलेली नाही. लिहिले आहे, 'तिला दुसऱ्या लेखाचे विचारायचे.'