साथीचं ॲप: घ्यायचं किती, ठेवायचं किती



फौजेत एक नियम सुरुवातीलाच शिकवतात. गुप्त माहिती ज्याला कामासाठी लागते त्यालाच द्यायची, आणि लागते तेवढीच. केवळ हुद्दा मोठा आहे म्हणून ती मागता येत नाही. आज हाच नियम आपण आरोग्य सेतू ॲपला लावून पाहू.

२ एप्रिल २०२० रोजी हे ॲप आलं. कल्पना चांगलीच होती. दोन फोन जवळ आले की ब्लूटूथवरून एकमेकांची खूण नोंदवतात. पुढे एक जण बाधित निघाला तर दुसऱ्याला सूचना जाते. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचं नाव आपल्याला सांगता येत नाही. तिथे फोन कामी येतो.

पण ब्लूटूथला भिंत कळत नाही. शेजारच्या फ्लॅटमधला माणूसही 'संपर्क' ठरू शकतो. शिवाय ॲप दोघांकडे हवं. शंभरातल्या चाळीस जणांकडे ते असेल, तर भेटणाऱ्या दोघांकडेही असण्याची शक्यता साधारण सोळा टक्के. आणि सूचना मिळाल्यावर चाचणीची सोय नसेल, तर चौकीने खबर दिली पण मागून कुमक आलीच नाही, अशी गत होते. धारावीत पालिकेचे कर्मचारी आणि डॉक्टर दारोदार फिरले, ती कुमक.

आता माहितीचं पाहू. आरोग्य सेतू नाव, फोन नंबर, वय, व्यवसाय विचारत असे आणि जीपीएसवरून ठिकाणही नोंदवत असे. इंग्लंड-वेल्सच्या ॲपने ॲपल आणि गूगलची पद्धत वापरली. त्यात नाव नाही, ठिकाणाचा माग नाही, आणि संपर्काची जुळणी फोनमध्येच होते. त्या ॲपमुळे काही लाख लागणी टळल्या असाव्यात, असा अंदाज २०२१ मध्ये 'नेचर'मधल्या अभ्यासाने मांडला. म्हणजे कमी माहिती घेऊनही काम होतं.

सक्तीने काय होतं? १ मे २०२० च्या केंद्राच्या आदेशाने नोकरदारांना ॲप सक्तीचं झालं. १७ मे रोजी ती सक्ती सैल झाली. पण आमच्या सोसायटीच्या गेटवर ती पुढेही चालूच राहिली. घरकाम करणाऱ्या एका ताईंकडे बटणाचा फोन होता, म्हणून त्यांना आत सोडेनात. मी समितीशी भांडलो. निर्णय बदलेपर्यंत त्यांचा पंधरा दिवसांचा पगार बुडाला होता. त्यांच्यापासून धोका किती, हे कोणी तपासलंच नव्हतं.

सिंगापूरमध्ये माहिती फक्त संपर्क शोधण्यासाठी, असं आधी सांगितलं गेलं. जानेवारी २०२१ मध्ये कळलं की पोलीसही ती मागू शकतात. लोक संतापले, तेव्हा कायदा करून तो वापर गंभीर गुन्ह्यांपुरता ठेवावा लागला.

आपल्याकडे ११ मे २०२० रोजी माहिती किती दिवस ठेवायची याचे नियम निघाले, पण संसदेचा कायदा नव्हता. संपर्क शोधण्याची सोय बंद केली आणि माहिती पुसली, हे सरकारने लोकसभेत सांगितलं ते २०२३ मध्ये.

पुढची साथ येईल तेव्हा ॲप जरूर असावं. पण माहिती कोण पाहणार, ती कशासाठी वापरणार आणि कोणत्या तारखेला पुसणार, हे कायद्यात आधी लिहिलेलं असावं. आणि ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, त्याची रोजीरोटी अडता कामा नये. हे प्रश्न आपल्या आमदार-खासदारांना आत्ताच विचारा. साथीच्या धामधुमीत ते ऐकायला कुणाला वेळ नसतो.

जय हिंद.