यकृतातले गळू आणि नळाचे पाणी



कामगार चळवळीतल्या माणसाने यकृताच्या रोगावर बोलावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. पण हा रोग आम्हांला भेटला तो रजेच्या अर्जांतून, आणि भेटल्यावर तो समजून घेणे भागच पडले.

रोग्याला थंडी वाजून ताप येतो. उजव्या बरगडीखाली ठणका लागतो, कधी कळ थेट उजव्या खांद्यात निघते. कावीळ मात्र बहुधा नसते, आणि म्हणूनच 'डोळे पिवळे नाहीत, मग यकृताला काय झाले असणार' असे म्हणत घरचे लोक हिवतापाच्या गोळ्या देत बसतात. इकडे यकृतात गळू वाढत असते.

हे गळू करणारा जीव एकपेशीय आहे. आव झालेल्या एका शेतकऱ्याच्या मळात तो पीटर्सबर्गच्या लॉश नावाच्या डॉक्टराला दिसला व १८७५ साली त्याने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आज त्याला एन्टअमीबा हिस्टॉलिटिका म्हणतात. रोग्याच्या मैल्यातून तो कवच घालून बाहेर पडतो. पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून, हातांवरून दुसऱ्याच्या पोटात जातो आणि आतड्यात कवच टाकतो. पुष्कळदा तिथेच गुमान राहतो. कधी आतड्याची भिंत कुरतडतो, तेव्हा रक्ती आव लागते. आतड्याकडून निघालेले रक्त प्रथम यकृतात जाते, त्या प्रवाहाबरोबर हाही जातो. तिथे मांस विरघळून तांबूस-तपकिरी, चॉकलेटसारखा द्रव साचतो. आव होऊन गेल्यावर कित्येक आठवड्यांनी, महिन्यांनीसुद्धा हे घडते. कित्येकांना तर आव झाल्याचे आठवतही नाही. गळू छातीत किंवा पोटात फुटले तर जिवावर बेतते.

आता दारूचे. यकृत बिघडले म्हटले की मुकादमापासून मेव्हण्यापर्यंत सर्वांचा निकाल तयार असतो : पीत असणार! आम्ही दारूची वकिली करणार नाही. हे गळू बायकांपेक्षा प्रौढ पुरुषांत कितीतरी पट अधिक होते आणि त्यांत पिणारे पुष्कळ असतात, हे खरे आहे. परंतु दारूच्या थेंबात अमीबा जन्माला येत नाही. तो मैल्यातूनच यावा लागतो, आणि मैला तोंडापर्यंत कुठल्या वाटेने आला हा प्रश्न 'पीत असणार' म्हटल्याने सुटत नाही, नुसता झाकला जातो.

ही वाट कशी झाकली जाते, याचा मोठा दाखला अमेरिकेत घडला. १९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले होते. देशभरचे प्रेक्षक आले, हॉटेलांत उतरले, घरी गेले आणि आपापल्या गावी आजारी पडले. कित्येकांना अपेंडिक्सचे दुखणे समजून कापले गेले, कारण अमीबाची आव ही उष्ण देशांतली पीडा, थंड शिकागोत कुठून येणार, अशी समजूत होती. नाइटक्लबांतून गाजलेली टेक्सास गीनन ही नटीही त्या नोव्हेंबरात याच रोगाने वारली. आरोग्यखात्याला ऑगस्टातच सुगावा लागला होता. जाहीर वाच्यता झाली ती नोव्हेंबरात, प्रदर्शन आटोपत आले तेव्हा. संशय प्रथम कोणावर? स्वयंपाकी, वाढपी, भांडी विसळणारे यांच्यावर. पुढे भिंती उकरून नळ तपासले, तेव्हा कळले की एकाच पाण्यावर चालणाऱ्या दोन जुन्या हॉटेलांत सांडपाण्याचे आणि पिण्याच्या पाण्याचे नळ सदोष जोडणीने एकमेकांत मिसळत होते. चौदाशेंवर लोक आजारी पडले, अठ्ठ्याण्णव मेले.

आमच्याकडे हेच लहान प्रमाणावर पाहिले. एका कारखान्याच्या उपाहारगृहात आव पसरली, तेव्हा दोन वाढप्यांच्या शौचाची तपासणी करवून त्यांना घरी बसविले. टाकी उघडून पाहावी, हे आम्ही तीनदा लिहून दिले. उघडली, तेव्हा झाकण फुटलेले आणि वरून संडासाचा गळका नळ! वाढपी परत आले. मधल्या दिवसांच्या पगाराला आणखी पाच महिने लागले. यात शास्त्राचाही एक धडा आहे. याच अमीबासारखा हुबेहूब दिसणारा, पण निरुपद्रवी असा दुसरा अमीबा असतो. ब्रम्प्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२५ मध्ये हे सांगितले होते, ते रीतसर मान्य व्हायला १९९३ उजाडले. साध्या सूक्ष्मदर्शकात दोघांची कवचे सारखीच दिसतात. तेव्हा केवळ तेवढ्या चिठ्ठीवर कोणाची भाकरी काढू नये.

घरी काय करावे? नळाच्या पाण्यात घालतात तेवढ्या क्लोरिनला हे कवच दाद देत नाही. पाणी उकळले की मरते.

उपचार आता सोपा आहे. १९१२ साली कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्सने एमेटिनची सुई देण्यास आरंभ केला. तिने माणसे वाचली, पण हृदयाला धोका असे. मेट्रोनिडॅझोलचा गुण १९६६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून प्रसिद्ध झाला. सोनोग्राफीत गळू दिसते, आणि बहुतेक रोगी गोळ्यांनीच बरे होतात. फार मोठे असेल तर सुईने उपसतात. मात्र या औषधाने आतड्यातला अमीबा पुरता जात नाही. त्यासाठी डायलोक्सानाइडसारखे दुसरे औषध काही दिवस घ्यावे लागते, नाहीतर रोग उलटतो आणि मैल्यातून इतरांनाही पोचतो. आमच्या लोकांचे घोडे अडते ते इथे. ताप उतरला की माणूस दुसऱ्याच दिवशी पाळीवर हजर होतो, कारण खाडा झाला तर पगार कापतात. आणि दुसऱ्या औषधाची चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात तशीच राहते.